उघडे पुस्तक आणि मिटलेली मूठ

आमच्या ख्रिस्ती समाजात एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते: "शास्त्र वाचल्यावाचून माझा एक दिवस गेलेला नाही." हे वाक्य मी पाळकांच्या तोंडून ऐकले आहे, निवृत्त शाळामास्तरांच्या तोंडून ऐकले आहे, आणि अंत्यविधीच्या भाषणांत तर ते मृताच्या पदरी हमखास टाकले जाते. दुसरे एक वाक्य आहे. ते आमच्यातील नव्या विचाराचे लोक आणि माझे हिंदू स्नेही सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारतात: "माणसाने चांगले वागावे म्हणजे झाले, त्याला पोथी कशाला हवी?" या दोन्ही वाक्यांशी माझे भांडण आहे. वरवर पाहता ती एकमेकांविरुद्ध दंड थोपटून उभी आहेत. परंतु थोडे खोलात शिरले की दोघांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते. पहिला पुस्तक उघडतो, ते काम टळावे म्हणून. दुसरा काम करतो, ते पुस्तकाने आपणाला काही विचारू नये म्हणून. दोघांनाही हवी असते ती आपल्या सोयीने जगण्याची मोकळीक.

हा तंटा तुमच्या घरचा, तो दिवाळी अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, मराठीच्या ओसरीवर आम्ही पाहुणे नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मराठी कादंबरीच्या दारात आणून ठेवले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली नाहीत त्याला मराठी गद्य वाचल्याचा दाखला कोणी देणार नाही. तेव्हा घरातले भांडण घरच्यांपुढेच मांडतो आहे, असे मी समजतो. शिवाय ग्रंथ वाचणे आणि त्याप्रमाणे वागणे यांमधली तूट ही काही ख्रिस्त्यांचीच मिरास नाही. पारायणे जिथे जिथे होतात तिथे तिथे तिची ओळख आहे. मात्र शेजाऱ्याच्या अंगणातला केर काढण्याचा मला अधिकार नाही. मी माझे अंगण झाडतो.

आधी पहिल्या वाक्याचा समाचार घेऊ.

नगर जिल्ह्यातील आमच्यासारख्या घरांत दिवाबत्ती झाली की शास्त्रपाठ होई. एकाने अध्याय वाचायचा, दुसऱ्याने प्रार्थना करायची, मग जेवणे. शब्बाथ शाळेत वचने पाठ केल्याबद्दल रंगीत चित्रांची कार्डे मिळत. ही रीत वाईट होती असे मी कधीच म्हणणार नाही. माझ्या आजीला अक्षर ठाऊक नव्हते. ती पन्नाशीला आली तेव्हा शुभवर्तमानावरून बोट फिरवीत वाचायला शिकली. ज्या कुळांना हजार वर्षे अक्षराला शिवू दिले गेले नव्हते, त्या कुळांच्या हाती एक जाडजूड ग्रंथ आला आणि 'हा तुझाच आहे' असे कोणी म्हटले, याची किंमत ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या त्याला कळणे कठीण. म्हणून नित्य वाचनाची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार त्या वाचनाचे पुढे जे झाले, त्याविषयी आहे. वाचनाची हजेरीपटावरची खूण झाली.

हिशेब सोपा आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत. ते ३६५ दिवसांत संपवायचे तर रोज तीन अध्याय आणि वर थोडे. वर्षात एकदा ग्रंथ पुरा करण्याचे तक्ते पूर्वी मंडळीत छापून वाटत, आता ते मोबाइलवर येतात आणि वाचून झाले की तिथे खूण उमटते. माणसे या तक्त्यावर अशी धावतात की जणू पंढरपूरची गाडी चुकायची आहे. लेवीय नावाचे पुस्तक आले की धाव अधिकच वाढते. यज्ञांचे विधी, सोवळ्याओवळ्याचे नियम, कोण वाचणार इतके? डोळे नुसते ओळींवरून घसरतात. आणि नेमके त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, शेताचे कोपरे कापू नयेत, ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी ठेवावेत, अशी आज्ञा आहे. आणि तिच्या मागोमाग मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ रात्रभर राहू देऊ नये, अशीही आहे. वाचणारा हा अध्याय चार मिनिटांत संपवून खूण करतो आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईला म्हणतो, "या महिन्याचे दहा तारखेनंतर बघू." त्याला यात विसंगती दिसत नाही, कारण त्याने वाचलेच नाही. त्याने फक्त पाने उलटली.

मी एका मंडळीच्या पंचांच्या बैठकीस हजर होतो. नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण त्या बैठकीचे जुळे भावंड गावोगावी आहे. आरंभी आमोस संदेष्ट्याचा उतारा वाचला गेला. हा आमोस म्हणजे मेंढपाळ. त्याने उत्सवांचा आणि गीतांचा देवाला वीट आला आहे, देवाला न्याय हवा आहे, असे राजधर्माच्या तोंडावर सांगितले. उतारा झाला, प्रार्थना झाली, आणि पहिला विषय निघाला तो मंदिर झाडणाऱ्या बाईच्या पगारवाढीचा. तो 'निधीअभावी' पुढील बैठकीवर गेला. दुसरा विषय नव्या ध्वनिक्षेपकांचा होता. तो एकमताने मंजूर झाला. त्या ध्वनिक्षेपकांवरून आता आमोस अधिक मोठ्याने ऐकू येत असेल.

ज्या तक्त्यांचा आम्ही इतका गाजावाजा करतो, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तक्ता कोणी केला हे तरी आम्ही पाहावे. स्कॉटलंडमधील डंडी येथील रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी तो तयार केला. पुढच्याच वर्षी, १८४३ च्या मार्चमध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वी हा मनुष्य गेला. गावात सन्निपातज्वराची साथ होती, तो आजाऱ्यांच्या घरी जात राहिला, आणि त्याच तापाने त्याला उचलले. त्याचा तक्ता आम्ही घेतला. त्याने ज्या घरांचे उंबरे ओलांडले, ते मात्र आम्ही तक्त्यात धरले नाहीत. अर्धाच वारसा घ्यायचा, आणि तोही बिनखर्चाचा, ही आमची चतुराई.

इथे आमचे धर्मशास्त्रज्ञ पुढे सरसावतात. ते म्हणतात, "अहो, तुम्ही कर्माचे स्तोम माजवता आहात. तारण कृपेने होते, विश्वासाने होते. सत्कृत्यांनी कोणी स्वर्ग विकत घेऊ शकत नाही." बरोबर आहे, मीही तसेच मानतो. पण या सिद्धांताचा उपयोग कोण कशासाठी करतो हे पाहण्यासारखे असते. ज्याने शेजाऱ्यासाठी हाडे झिजवली तो, "हे माझे पुण्य नव्हे, कृपा आहे," असे म्हणतो तेव्हा त्या शब्दांना तेज असते. ज्याने काडीही उचलली नाही तो तेच शब्द उच्चारतो तेव्हा तो सिद्धांत नसतो, सबब असते. लूथरने १५२२ मध्ये नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली, हे आमच्या लोकांना पक्के पाठ आहे. त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याच लूथरने, खरा विश्वास ही जिवंत वस्तू असून चांगले काम केल्यावाचून तिला राहवतच नाही, अशा अर्थाचे लिहिले, हे त्यांना आठवत नाही. पौलाच्या इफिसकरांस पत्रातील जे वचन कृपेच्या बाजूने नेहमी पुढे केले जाते, त्याच्या लगेच पुढचे वाक्य सत्कृत्यांविषयी आहे. देवाने माणूस घडवला तोच ती करण्यासाठी, असा त्याचा आशय आहे. वचन अर्ध्यावर तोडून पाठ करणाऱ्याला शब्बाथ शाळेत कार्ड मिळाले नसते.

आणि हा वादही आता जुना झाला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे लूथरपंथीयांच्या जागतिक संघाने आणि कॅथॉलिक चर्चने नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त जाहीरनामा केला. २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात सामील झाले. तारण कृपेने, आणि त्या कृपेचे फळ म्हणजे सत्कृत्ये, एवढे सर्वांनी मिळून मान्य केले. चारशे ऐंशी वर्षांची लढाई मोठ्यांनी मिटवली. पण आमच्या गल्लीतले सैनिक अजून खंदकातून वर यायला तयार नाहीत. खंदकात बसले की काम करावे लागत नाही, एवढेच त्याचे कारण.

वाचन आणि काम ही दोन खाती आहेत, या कल्पनेचाच मला राग आहे. ती वेगळी नव्हेत हे पाहायला रोमला किंवा विटेनबर्गला जावे लागत नाही. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसावे आणि केडगावला उतरावे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले होते. भुकेचा अर्थ त्यांना शब्दकोशात पाहावा लागला नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या; पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे दीड हजार माणसे राहत होती. त्यांच्यासाठी दळण, कांडण, विणकाम, शेती, विहिरी, शाळा हे सारे होतेच. त्याच आवारात छापखानाही होता. आणि तिथे ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून बायबल मराठीत आणीत होती. अठराएक वर्षे हे काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या हातांत आश्रमातल्याच बायकांचे हात होते.

हे भाषांतर कशासाठी? आधीचे होते की! कॅरीने सेरामपूरहून नवा करार १८११ मध्येच मराठीत छापला होता आणि नंतरही सुधारलेली भाषांतरे झाली होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, ती संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या अडाणी बाईला कळत नाही. स्वतः संस्कृतात वाद जिंकून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या बाईने हे म्हणावे, याला फार अर्थ आहे. ज्या बाईला आज दुपारी भाकरी दिली, तिला उद्या सकाळी ग्रंथ आपला आपण वाचता आला पाहिजे, हा तो हट्ट होता. इथे वाचन कुठे संपले आणि सेवा कुठे सुरू झाली, हे मला कोणी दाखवून द्यावे. रमाबाईंच्या सर्वच मतांशी माझे जुळते असे नाही, आणि त्यांचे भाषांतर वाङ्मय म्हणून अडखळते हेही खरे. पण पुस्तक आणि भाकरी एका ताटात वाढणारी बाई म्हणून मला त्यांच्यापुढे मान लववावी लागते.

तीच गोष्ट रेव्हरंड टिळकांची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. तक्त्यावर खूण करून पुढे गेले असते तर मराठी भजनसंपदा केवढी गरीब राहिली असती! १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्या वाचनाची किंमत मोजली. संसार काही वर्षे दुभंगला, आप्त तुटले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९१७ ची गोष्ट. मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही मोकळा असा 'देवाचा दरबार' त्यांनी मांडला. म्हणजे जे वाचून ते ख्रिस्ती झाले, तेच पुन्हा वाचून ते मिशनच्या चाकोरीबाहेर पडले. ग्रंथ खरोखर वाचणारा माणूस एकदाच बदलत नाही. आम्ही त्यांची भजने गातो, त्यांच्या पुण्यतिथ्या करतो. पण कोणी आज तसा पगार सोडून दाराची कडी काढून बसला, तर त्याच्यावर पहिली चौकशी आमचीच मंडळी बसवील.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळतो. "चांगले वागावे म्हणजे झाले." हे म्हणणारे माझे स्नेही सज्जन आहेत. त्यांच्यापाशी एक सबळ पुरावाही आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला घेऊन आल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. मिशनच्या शाळांशी फुले दांपत्याचा संबंध होता, नगरच्या मिस फॅरार यांची शाळा जोतीरावांनी पाहिली होती. पण ते श्रेय लाटण्याचा मोह आम्ही आवरावा. या पुराव्यापुढे मी निरुत्तर होतो असे मात्र नाही. उलट हा पुरावा माझ्याच पुस्तकात पूर्वीपासून आहे. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला उचलणारा येशूच्या दाखल्यात कोण आहे? याजक नाही, लेवी नाही. धर्मभ्रष्ट म्हणून ज्याची सावली टाळत, तो शोमरोनी. चांगुलपणाची मक्तेदारी आमच्याकडे नाही, हे मला शिकवायला पुस्तकाबाहेर जावे लागत नाही. मी पुस्तक मिटले तरच ते विसरतो.

मग पुस्तक कशाला? याचे उत्तर असे की, स्वतःच्या मनावर सोडले तर माणूस आपल्या आवडीचा गरीब निवडतो. हुशार विद्यार्थी, गोंडस अनाथ मूल, कृतज्ञ म्हातारी. वाढदिवसाला आश्रमात जाऊन लाडू वाटतो आणि छायाचित्र काढून घेतो. हा चांगुलपणा खोटा नसतो; पण तो आपल्याच तब्येतीला मानवणारा असतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे, तिथे यादी दिलेली आहे. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला. पहिल्या पाचांपर्यंत आपली दयाबुद्धी कशीबशी पोचते. सहाव्यापाशी ती अडते. तुरुंगातला? त्याने गुन्हा केला असेल! पुस्तक ते विचारीतच नाही. भेटायला गेलास का, एवढेच विचारते. हा सहावा मनुष्य माझ्या सद्भावनेने मला कधीही सुचवला नसता.

आणि तो किती जवळ आहे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ जणांवरचे खटले अजून चालू होते. म्हणजे दर चारांमागे तीन जण न्याय होण्याची वाट पाहत गजांआड बसलेले. फादर स्टॅन स्वामी हे चौऱ्यांशी वर्षांचे जेझुइट धर्मगुरू, कंपवाताने हात थरथरणारे, तळोज्याच्या तुरुंगात होते. पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याकरिता त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, कैदी म्हणूनच, ते वारले. त्यांच्यावरील आरोप खटल्यात सिद्ध झाले नव्हते. आणि त्यांचा निकाल लावायला मी न्यायाधीश नाही. माझा प्रश्न मंडळीला आहे. तो पंचविसावा अध्याय त्या साली किती व्यासपीठांवरून वाचला गेला, आणि तान्हेला आणि तुरुंगातला हे दोन शब्द वाचताना किती जणांचा आवाज अडखळला? ज्यांचा अडखळला, ते वाचक. बाकीचे कंठस्थवाले.

इथे माझे हिंदू वाचक एक शंका काढतील, आणि ती त्यांनी काढलीच पाहिजे. "तुमची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष नव्हे काय? भाकर पुढे, बाप्तिस्मा मागे." दुष्काळांच्या काळात आमच्या जिल्ह्यात माणसे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली हा इतिहास आहे, आणि भूक व श्रद्धा यांची त्या वेळी सरमिसळ झाली असणार, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. त्याचबरोबर ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याने आपल्याला माणूस म्हणणारा धर्म निवडला, तर त्याला आमिषाला भुललेला मासा म्हणणे हा त्याच्या अकलेचा अपमान आहे. पण तत्त्व म्हणून विचाराल तर माझे उत्तर लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले; आभार मानायला परतला तो एकटा, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ आपापल्या वाटेने गेले. येशूने विचारपूस केली. पण त्या नवांचे कोड परत आले, असे कुठे लिहिलेले नाही. त्यांचे बरे होणे बिनशर्त होते. ज्या सेवेला छुपी किंमत आहे ती सेवा नव्हे, दुकानदारी आहे. आणि असे दुकान मांडणारा आमच्यात असेल तर त्याला तुम्ही विरोध करण्यापूर्वी त्याचे पुस्तकच करते.

बिनशर्त सेवा कशी असते, याचे उदाहरण शोधायला मला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेलोरला शिकलेले ख्रिस्ती जोडपे. मोठ्या शहरात दवाखाना थाटून त्यांना खोऱ्याने पैसा ओढता आला असता. १९७० मध्ये ते जामखेडसारख्या कोरड्या तालुक्यात जाऊन बसले. त्यांनी रोग्यांना नुसती औषधे दिली नाहीत. खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांची विद्या देऊन टाकली आणि त्यांनाच गावच्या आरोग्यसेविका केले. डॉक्टरने आपली विद्या वाटून टाकणे म्हणजे सावकाराने खतावणी जाळण्यासारखे आहे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बायकांनी आपापल्या गावातली पोरे वाचवली त्यांच्याकडून बाप्तिस्म्याचा विडा कोणी उचलून घेतला नव्हता.

आमच्या कॅथॉलिक बांधवांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या सामान्य माणसाच्या हाती बायबल उशिरा आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वाचावे असे स्पष्ट सांगितले. पण उशिरा मिळालेली वस्तू कशी वापरावी हे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडून आम्ही शिकावे. याच माणसाने 'सुबोध बायबल' मराठीत सिद्ध केले, आणि याच माणसाने 'हरित वसई'च्या चळवळीत शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरींचे पाणी यांसाठी बलदंडांशी वैर पत्करले. २०२० मध्ये धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये गेले. पाणी विकणाऱ्यांच्या विरुद्ध उभे राहणे हा त्यांच्या भाषांतराचाच एक अध्याय होता, असे मी मानतो.

शेवटी आमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्धच्या मागणीवर माझी सही आहे. पण त्याच आमच्या घरांत लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळूच विचारला जातो; गोव्यातल्या कॅथॉलिकांत बामण आणि चारडो हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेले नाहीत. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय, जिथे यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद उरला नाही म्हटले आहे, तो आम्ही सरकारला वाचून दाखवतो. तो सोयरिकीच्या बैठकीत कोणी वाचावा, अशी माझी इच्छा आहे. मोर्चाला गेलेल्यांपैकी निम्मे त्या बैठकीतून उठून जातील.

मग करावे काय? माझे म्हणणे फार थोडे आहे, आणि म्हणूनच ते आमच्या लोकांना आवडणार नाही. कमी वाचावे. रोज तीन अध्याय नकोत. एक उतारा पुरे. तो वाचीत राहावा, तोवर वाचावा, जोवर त्यात आपल्या ओळखीच्या एका माणसाचे नाव दिसत नाही: ज्याचे देणे थकले आहे तो, ज्याला भेटायचे टाळतो आहोत तो, ज्याच्याशी रस्त्याच्या हद्दीवरून कोर्टकज्जा चालू आहे तो. नाव दिसले की पुस्तक मिटावे आणि उठावे. परत आल्यावर उरलेला उतारा वाचावा. तो निराळा वाटेल. अशा वाचनाने ११८९ अध्याय एका वर्षात संपणार नाहीत. कदाचित दहा वर्षे लागतील, कदाचित आयुष्य पुरणार नाही. त्यात काही बिघडत नाही. न्यायाच्या दिवशीच्या त्या चित्रात किती अध्याय वाचलेस, असा प्रश्न कोणाला विचारलेला मला तरी आढळला नाही.

आणि जे पुस्तकावाचून चांगले वागतात, त्यांना माझे सांगणे एवढेच: तुमचे पुस्तक कोणते ते तुम्ही ठरवा, मी माझे तुमच्यावर लादणार नाही, पण ज्याला तुम्ही स्वतःहून कधी निवडला नसता, असा एक सहावा माणूस तुमच्या दारी आणून उभा करील, असे काहीतरी तुमच्या उशाशी असू द्या. नाहीतर चांगुलपणाचा आरसा व्हायला फार दिवस लागत नाहीत.

त्या मंडळीची पुढील बैठक, ऐकतो, नाताळापूर्वी आहे. झाडणाऱ्या बाईच्या पगाराचा विषय पुन्हा पत्रिकेवर आला आहे. आरंभी कोणता उतारा वाचायचा ते पंचांनी खुशाल ठरवावे. कोणताही चालेल, वाचणारा मात्र वाचणारा हवा.